दोन लहान मुलांना घेऊन एकटीनं मुंबई ते नेवार्क

विचारलेला प्रश्न असा आहे: "आम्ही डोंबिवलीला राहतो. नवरा वर्षभरापासून न्यू जर्सीत नोकरीला आहे. आता आमचे व्हिसा आलेत. मुलगी साडेतीन वर्षांची, मुलगा दहा महिन्यांचा. मी पहिल्यांदाच परदेशी चाललेय, तेही एकटी. सासूबाई म्हणतात, दिवाळीपर्यंत थांब, कुणीतरी सोबत मिळेल. थेट विमान घेऊ की आखातात बदलून जाऊ? मुलं झोपावीत म्हणून काही औषध देतात का? आणि दोघं एकदम रडायला लागली तर मी काय करू?"

आधी सासूबाईंचा मुद्दा. सोबत सहज मिळत असेल तर उत्तमच, पण तेवढ्यासाठी जाणं लांबवू नका. लांब पल्ल्याच्या विमानांत केबिन क्रू म्हणून माझी उमेदीची वर्षं गेली, आता नव्या मुलामुलींना तेच काम शिकवते. मुंबईहून रात्री सुटणाऱ्या विमानांत मुलांना घेऊन एकटी निघालेली आई हे आमच्यासाठी रोजचं दृश्य असतं, आणि त्यातल्या बहुतेक जणी व्यवस्थित पोचतात. ज्यांचे हाल होतात, त्यांचे मुलांच्या रडण्यानं होत नाहीत. एकाच वेळी तीन हात लागतात आणि आपल्याकडे दोनच असतात, तेव्हा होतात. बाळ कडेवर, मुलीला शू लागलेली, समोर अधिकारी पासपोर्ट मागतोय आणि पासपोर्ट खांद्यावरच्या पिशवीच्या तळाशी. म्हणून प्रवासाचा एकेक टप्पा आत्ताच डोळ्यांसमोर आणा आणि प्रत्येक ठिकाणी विचारा, इथे किती हात लागणार? दोनपेक्षा जास्त लागत असतील तिथे तिसरा हात कुणाचा, हे घरी बसूनच ठरवायचं. पुढचं सगळं मी याच हिशेबानं सांगतेय.

थेट विमानच घ्या. मुंबईहून न्यूयॉर्क-नेवार्क भागात थेट जाणारं विमान साधारण १५ ते १६ तास घेतं. ऐकायला हा आकडा भयंकर वाटतो आणि मध्ये पाय मोकळे करायला मिळाले तर बरं, असं मनात येतं. पण मध्ये उतरायचं म्हणजे झोपलेली दोन मुलं उठवायची, सामान काढायचं, पुन्हा सुरक्षा तपासणी, पुन्हा बाळाला छातीशी बांधलेल्या कॅरियरमधून बाहेर काढायचं, लांबच लांब चालायचं आणि पुन्हा रांगेत उभं राहायचं. स्ट्रोलर, म्हणजे बाबागाडी, तिथे हातात मिळेलच असंही नाही. बऱ्याचदा तो सामानाबरोबर थेट शेवटच्या मुक्कामाला जातो. थेट विमानात एकदा बसलात की बसलात. पैशाचा फरक फारच असेल आणि बदलूनच जावं लागलं, तर दोन्ही विमानं एकाच तिकिटावर हवीत आणि मधला वेळ तीन-चार तासांचा हवा. दीड तासात मुलांना घेऊन धावता येत नाही, आणि आठ-नऊ तास विमानतळावर काढणं त्याहून वाईट. अबुधाबीमार्गे जाणाऱ्या विमानांचा एक फायदा आहे: अमेरिकेचं इमिग्रेशन, म्हणजे प्रवेशाआधीची पासपोर्ट-व्हिसाची तपासणी, तिथेच उरकतं आणि उतरल्यावर देशांतर्गत प्रवाशासारखं बाहेर पडता येतं. मात्र त्या तपासणीचा वेळ तिथल्या मुक्कामात धरावा लागतो. दुसऱ्या मार्गानं जाऊन अमेरिकेतल्याच एखाद्या शहरात विमान बदलणार असाल, तर पहिल्या विमानतळावर सगळं सामान पट्ट्यावरून उचलून पुन्हा जमा करावं लागतं. दोन मुलं सांभाळत एकटीनं हे करायची वेळ स्वतःवर आणू नका.

आता जागेचं. दोन वर्षांखालच्या बाळाला वेगळी जागा घ्यावी लागत नाही. मांडीवरच्या बाळाचं तिकीट मोठ्यांच्या भाड्याच्या साधारण १० टक्के पडतं. पुढच्या भिंतीसमोरच्या रांगेत पाळणा लावून मिळतो, त्याला बेसिनेट म्हणतात. तिकीट काढल्या काढल्या विमान कंपनीला फोन करून तो मागा आणि विमानतळावर काउंटरवर पुन्हा विचारून खात्री करा, कारण अशा जागा मोजक्याच असतात. पण तुमच्या मुलाच्या बाबतीत एक गोष्ट आधीच सांगते. या पाळण्याला वजनाची आणि लांबीचीही मर्यादा असते. वजनाची मर्यादा बऱ्याच ठिकाणी १० ते १४ किलोंच्या दरम्यान असते, त्यामुळे वजनात तो बसेल, पण दहा महिन्यांचं बाळ बहुधा सत्तर सेंटिमीटरच्या पुढे असतं. त्याचे पाय त्यात मावतील की नाही हे आधी विचारून घ्या. शिवाय या वयात बाळ धरून उभं राहतं, आणि उभं राहू पाहणाऱ्या बाळाला त्यात जागेपणी ठेवता येत नाही. गाढ झोपेपुरताच त्याचा उपयोग, असं धरून चाला. विमान हलायला लागून सीटचा पट्टा बांधायच्या खुणेचा दिवा लागला की झोपलेल्या बाळालाही पाळण्यातून काढून मांडीवर घ्यावं लागतं. आम्ही येऊन तसं सांगतो तेव्हा आयांना राग येतो, ते मला समजतं, पण हा नियम हवाच. अचानक गचका बसला तर पाळण्यातलं बाळ वर उडू शकतं.

त्या रांगेची आणखी एक अडचण कुणी सांगत नाही. समोर भिंत असल्यामुळे पायापाशी पिशवी ठेवता येत नाही. उड्डाणाच्या आणि उतरण्याच्या वेळी सगळं वरच्या कप्प्यात जातं. नेमक्या त्याच वेळी दुधाची बाटली लागते. म्हणून एक लहान पाउच अंगावरच असू द्या: बाटली, एक डायपर, ओल्या पुसण्यांचं छोटं पाकीट, मुलीसाठी काहीतरी चघळायला आणि पासपोर्ट. हे पाउच पूर्ण प्रवासात गळ्यातून काढायचं नाही, झोपतानाही नाही.

परवडत असेल तर मुलालाही स्वतंत्र जागा घेऊन विमानात चालणारी कारसीट न्यायचा विचार करा. दोन मुलं आणि एकटी आई, अशा वेळी ही चैन ठरत नाही. घेण्याआधी कारसीटवर विमानात वापरायची मान्यता छापलेली आहे का ते बघा. नाहीच जमलं, तर तुम्ही आइलच्या, म्हणजे ये-जा करायच्या वाटेच्या कडेला बसा आणि मुलीला आतल्या बाजूला बसवा. वाटेवरून जाणाऱ्या जेवणाच्या ट्रॉलीखाली मुलांची बोटं आणि पाय सापडतात, वरच्या कप्प्यातून वस्तू पडतात त्याही याच बाजूला. बाळ मांडीवर झोपलं की डोकं आतल्या बाजूला आणि पाय वाटेकडे. दोन तान्ही बाळं शेजारशेजारच्या जागांवर का बसवत नाहीत, असं काही जण विचारतात. त्याचं कारण ऑक्सिजनचे मास्क. प्रत्येक गटात जागांपेक्षा साधारण एकच मास्क जास्त असतो. तेव्हा ऐनवेळी कुणाच्या सांगण्यावरून जागा बदलू नका, आधी क्रूला विचारा.

कागदपत्रांत आपल्याकडच्या बायकांची नेहमीची अडचण नावाची असते. पासपोर्ट माहेरच्या नावानं आणि मुलांचं आडनाव सासरचं, असं असलं तर नातं सिद्ध करायची वेळ येऊ शकते. दोन्ही मुलांचे इंग्रजीतले जन्मदाखले, विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र आणि नवऱ्याचं इंग्रजीतलं संमतिपत्र जवळ ठेवा: मुलांना घेऊन माझी पत्नी या तारखेला या विमानानं येत आहे, माझी हरकत नाही, माझा पत्ता आणि फोन असा आहे. अमेरिका आणि कॅनडा दोन्हीकडे एकट्या पालकाकडे असं पत्र असावं, अशी शिफारस आहे. नोटरी करून घेतलेलं चांगलं. तुमचे व्हिसा नवऱ्याच्या नोकरीवर अवलंबून असतील तर त्याच्या मंजुरीपत्राची, म्हणजे आय-७९७ ची, प्रत आणि कंपनीचं पत्रही ठेवा. हे सगळं एका पारदर्शक फोल्डरमध्ये, आणि प्रत्येकाचे फोटो तुमच्या फोनमध्ये.

सामानाबद्दल माझं मत ठाम आहे. अमेरिकेच्या तिकिटावर तुम्हाला आणि मुलीला मिळून भरपूर बॅगा नेता येतात. मिळतात म्हणून नेऊ नका. एका ट्रॉलीवर मावेल आणि ती ट्रॉली एका हातानं ढकलता येईल, एवढंच सामान घ्या. पातेली, कुकर, लोणच्याच्या बरण्या नंतर कुणाबरोबरही जातील. आणि निघताना ओटी भरतील त्याबद्दल दोन गोष्टी घरच्यांना आधीच सांगून ठेवा. सुका नारळ आणि खोबऱ्याच्या वाट्या चेक-इन सामानातही चालत नाहीत, कारण त्यातल्या तेलामुळे ते पेट घेऊ शकतं. आणि ओटीतले तांदूळ अमेरिकेत नेता येत नाहीत. खापरा भुंगेरा या धान्यातल्या किडीच्या भीतीनं भारतातून प्रवाशांनी तांदूळ आणायला तिथे बंदी आहे. ओटी घरी देवापुढे भरून घ्या आणि नारळ-तांदूळ घरीच राहू द्या. सासूबाईंना हे निघायच्या क्षणी कळलं तर त्यांना वाईट वाटेल, आठवडाभर आधी सांगितलं तर नाही वाटणार.

त्यापेक्षा सासूबाईंना दशम्या करायला सांगा. दुधात भिजवलेल्या पिठाच्या, मऊ, गुळाच्या. दोन दिवस टिकतात, चुरा होत नाही, बाळालाही तुकडा देता येतो. सोबत तिखटमिठाच्या पुऱ्या, साळीच्या लाह्या, राजगिऱ्याचे लाडू, भाजलेल्या नाचणीचं पीठ. शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षं मात्र नकोत. लहान मुलांच्या घशात अडकणाऱ्या या वस्तू आहेत, आणि हलत्या विमानात तो धोका आणखी वाढतो. केळं चालेल, पण उतरायच्या आत संपवा. ताजी फळं घेऊन अमेरिकेत शिरता येत नाही, आणि खायचे जे पदार्थ जवळ असतील ते विचारल्यावर सरळ सांगून टाकायचे. बाळाचं दूध, पाणी आणि पातळ खाणं यांना हातातल्या सामानातल्या द्रवांसाठीची १०० मिलीलीटरची अट लागत नाही, प्रवासापुरतं नेता येतं. तपासणीच्या वेळी ते वेगळं काढून दाखवा. फॉर्म्युला देत असाल तर विमानात बाटलीबंद पाणी मागा. गरम करायचं असेल तर क्रू भांड्यात गरम पाणी देतात, त्यात बाटली ठेवायची. घरून आणलेलं जेवण तापवून देता येतंच असं नाही, तेव्हा त्यावर विसंबू नका. मुलीचं मुलांचं जेवण आणि बाळाचं जेवण किमान ४८ तास आधी नोंदवा. मुलांची ताटं आम्ही आधी आणतो. तिला भरवून होईपर्यंत तुमचं ताट मागेच ठेवायला सांगा. आणि बाळ मांडीवर असताना चहा-कॉफी अजिबात घेऊ नका. शेजारच्याचा चहाही बाळाच्या हाताच्या टप्प्यात नको. विमानात मुलं भाजतात ती बहुतेक अशाच सांडलेल्या गरम पेयानं.

डायपरचा हिशेब असा धरा: घरून निघाल्यापासून पोचेपर्यंत दर दोन तासांना एक, वर उशीर धरून आणखी पाच-सहा. मुलगी दिवसा डायपर लावत नसली तरी या प्रवासापुरता लावा. पट्ट्याचा दिवा लागलेला असताना तिला थांबायला सांगता येणार नाही. कपड्यांचे पूर्ण जोड वेगवेगळ्या झिपच्या पिशव्यांत भरा, म्हणजे एका हातानं एक पिशवी काढली की काम झालं. तुमच्या स्वतःच्या कपड्यांचा एक जोडही घ्या. उलटी बहुधा आईच्या अंगावरच होते.

आता झोपेच्या औषधाचं. देऊ नका. मावशी, शेजारीण, व्हॉट्सअॅपचा ग्रुप, सगळे सर्दीचं पातळ औषध सुचवतात, "त्यानं छान झोप लागते" म्हणून. क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलएफ्रिन एकत्र असलेली सर्दीची औषधं चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नयेत, असा इशारा बाटलीवर छापायला भारताच्या औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये सांगितलंय. तुमची दोन्ही मुलं त्या वयाखालची आहेत. अशा औषधानं काही मुलं झोपण्याऐवजी उलट चवताळल्यासारखी जागी राहतात, आणि काहींचा श्वास मंदावतो. केबिनमध्ये हवेचा दाब सहा ते आठ हजार फूट उंचीच्या डोंगरावर असतो तेवढाच असतो, ऑक्सिजन थोडा कमी मिळतो. तिथे श्वास मंद करणारं काहीही नको. न्यायची औषधं वेगळी: वजनाप्रमाणे मात्रा लिहून घेतलेलं पॅरासिटामॉल, सलाइनचे नाकात घालायचे थेंब, ओआरएसची पाकिटं, थर्मामीटर आणि डॉक्टरांची चिठ्ठी. प्रवासाच्या महिनाभर आधी बालरोगतज्ज्ञांकडे जा, कान तपासून घ्या आणि गोवराची नऊ महिन्यांची लस झालीय ना ते बघा. निघायच्या आदल्या दिवशी ताप, कानदुखी किंवा जुलाब-उलट्या असतील तर तारीख बदला. त्यासाठी तारीख बदलता येणारं तिकीट काढलं तर ते पैसे वाया गेले असं समजू नका.

कानांचं समजून घेतलं की निम्मी भीती जाते. दुखतं ते मुख्यतः विमान उतरताना. दाब वाढतो, कानाच्या आतली नळी लहान मुलांत अरुंद असते आणि गिळल्याशिवाय ती उघडत नाही. उतरण्याची सुरुवात जमीन लागायच्या साधारण अर्धा तास आधी होते, ऐन शेवटी नाही. तेव्हा इंजिनचा आवाज बदलला की बाळाला बसत्या स्थितीत पाजायला घ्या, आणि मुलीला नळीनं पाणी पिऊ द्या किंवा दशमीचा तुकडा चावू द्या. त्यासाठी बाळाचं एक पाजणं आधीपासून राखून ठेवा. पोट भरलेलं बाळ नेमकं तेव्हाच तोंड फिरवतं. सर्दी असलेलं बाळ झोपलं असेल तर उतरताना उठवा. सर्दी नसेल तर मी झोपू देईन. वर असताना पोटातला वायूही फुगतो, म्हणून कमरेला घट्ट इलॅस्टिकचे कपडे नकोत. कारण कळत नसलेल्या बऱ्याच रडण्याचं कारण तेवढंच असतं.

विमानतळाचा टप्पा घरापासूनच सुरू होतो. बरीच विमानं मध्यरात्रीच्या आसपास किंवा पहाटे सुटतात. डोंबिवलीहून शिळफाट्याची कोंडी आणि पावसाळा धरून निघा, सुटण्याच्या चार तास आधी टी-२ ला पोचाल असं. गाडीत सोबत कुणीतरी असूच द्या. पण निरोप दारातच, असं धरून चाला. सीआयएसएफचा जवान तिकीट आणि पासपोर्ट बघितल्याशिवाय आत सोडत नाही. पहिला तिसरा हात इथे लागतो. तिकीट काढताना विमान कंपनीकडे सोबतीची मदत मागून ठेवा, "दोन लहान मुलं, एकटी आई" असं स्पष्ट सांगून. मुंबई विमानतळावर पैसे देऊन 'प्रणाम' नावाची सेवा घेता येते. त्यांचा माणूस दारापासून सामान, काउंटर, इमिग्रेशन असं करत पुढपर्यंत सोबत राहतो. तुमच्यासारख्यांनी त्यावर जरूर खर्च करावा. बाळाला कॅरियरनं छातीशी बांधा, मुलीला घडी होणाऱ्या हलक्या स्ट्रोलरमध्ये बसवा. "ती आता चालते की" असं सगळे म्हणतील. रात्री दोन वाजता ती चालणार नाही. स्ट्रोलर विमानाच्या दारापर्यंत नेऊन तिथे जमा करता येतो. त्याला खूण लावून घ्या आणि उतरल्यावर तो दारात मिळणार की पट्ट्यावर, हे विचारा. मुलीच्या फ्रॉकच्या आत तुमचा आणि नवऱ्याचा नंबर लिहिलेली कापडी पट्टी टाचून ठेवा.

विमानात शिरल्यावर क्रूशी बोलायची वेळ महत्त्वाची, कारण आमच्या कामाला एक ठरलेला क्रम असतो. प्रवासी चढत असताना आम्ही सगळ्यात गडबडीत असतो, तेव्हा फक्त एक वाक्य बोला: "मी एकटी आहे, दोन मुलं आहेत, जेवण झाल्यावर मला मदत लागेल." क्रूमधल्या ज्या मुलीशी बोललात तिचं नाव विचारून घ्या. तेवढं पुरे, ती लक्षात ठेवते. पहिलं जेवण आटोपून दिवे मंद झाले, म्हणजे साधारण दोन-अडीच तासांनी, की मदत मागायची सगळ्यात चांगली वेळ. तेव्हा नेमकं मागा. "जरा मदत करा" म्हणण्यापेक्षा "मी मुलीला टॉयलेटला नेते, पाच मिनिटं बाळाला धरा" असं. अशा मागणीला सहसा कुणी नाही म्हणत नाही. जेवणाची ट्रॉली बाहेर असताना आणि उतरायच्या तयारीच्या वेळी मात्र आम्ही बाळ घेऊ शकत नाही, औषध पाजू शकत नाही, आणि जड बॅग वर चढवायला बऱ्याच कंपन्यांत आम्हाला मनाई असते. बॅग शेजारच्या प्रवाशाला द्या. मुलं घेऊन एकट्या बाईची बॅग उचलायला मुंबईच्या विमानात माणूस मिळाला नाही, असं मी पाहिलेलं नाही. घंटा वाजवायला लाजू नका. न वाजवता बाळाला पाळण्यात एकटं सोडून गेलेली आई दिसली की आमच्या पोटात गोळा येतो.

टॉयलेटला दोन्ही मुलांना नेण्याची वेळ आली तर डायपर बदलायची घडीची फळी असलेलं टॉयलेट विचारून घ्या, सगळ्यांत ती नसते. मुलीला फ्लशचा मोठा आवाज आधीच सांगा. दार उघडून ती बाहेर पडली की मग बटण दाबा. उतरण्याच्या तासभर आधी शेवटची फेरी करून घ्या, नंतर रांग लागते आणि मग पट्ट्याचा दिवा.

मुलीची तयारी घरी करा. हॉलमध्ये खुर्च्या मांडून विमान-विमान खेळा, पट्टा म्हणून ओढणी बांधा, आजोबांना पायलट करा. कानांवर हेडफोन ठेवायची सवय आठवडाभर आधी लावा; बरीच मुलं विमानातच पहिल्यांदा हेडफोन बघतात आणि फेकून देतात. तिचा स्वतःचा लहान मापाचा घ्या. खेळणी कमी, पण तिनं न पाहिलेली: स्टिकर, पुसता येणारी पाटी, चित्रांची वही. खडू तिकोनी घ्या, गोल खडू सीटखाली घरंगळत जातात आणि बाळ मांडीवर घेऊन वाकता येत नाही. एकेक वस्तू तास-दीड तासानं काढा. तिला एक काम द्या, बाळाचा रुमाल सांभाळायचं, आणि ते मनापासून सोपवा. कार्टून बघायला मागितलं तर बघू द्या. एका दिवसानं काही बिघडत नाही.

आणि दोघं एकदम रडायला लागली तर? आधी मुलीकडे वळा. हे उलटं वाटेल. पण बाळ तुमच्या अंगावर आहे, त्याला स्पर्श मिळतोय. मुलीला वाटत असतं की आई आपल्याला विसरली. तिच्या हातात काहीतरी द्या, तिच्या डोळ्यांत बघून बोला, मग बाळाला घेऊन उभ्या राहा. डायपर, कान, पोट, उकाडा, झोप या क्रमानं बघा. मग पट्ट्याचा दिवा बंद असेल तर मागच्या गॅलीपाशी, म्हणजे विमानातल्या स्वयंपाकघरापाशी, जा. तिथे इंजिनची घरघर जास्त असते आणि बाळं त्या आवाजात शांत होतात. मुलीला सोबत न्या किंवा क्रूपैकी कुणाला तिच्याजवळ थांबवा. आजूबाजूच्यांची माफी मागत बसू नका. हल्ली काही आया शेजाऱ्यांना चॉकलेटं आणि कानातले बोळे वाटतात, त्याची काही गरज नाही. तुमच्या मुलांनाही त्या विमानात बसायचा इतरांइतकाच हक्क आहे. वैतागलेल्या एखाद्याकडे दुर्लक्ष करा, आणि कुणी बोललाच तर आम्हाला सांगा. ते निस्तरणं आमचं काम आहे.

ऑक्सिजनचा मास्क खाली आला तर आधी स्वतःला लावायचा, मग मुलांना. आईला हे जड जातं, म्हणून आत्ताच मनाशी पक्कं करा.

नेवार्कला सगळ्यात शेवटी उतरा. घाईनं उठून वाटेत उभं राहिल्यानं काही मिळत नाही, आणि विमान रिकामं झालं की आमच्यापैकी कुणीतरी तुमची बॅग दारापर्यंत आणून देतं. इमिग्रेशनच्या रांगेत कर्मचाऱ्याला मुलं दाखवून विचारा, बहुधा पुढे घेतात. नवऱ्याला आजच सांगायच्या गोष्टी तीन. गाडीत दोन्ही मुलांच्या कारसीट आधी बसवून, घट्ट आहेत ना हे तपासून आणायचं. तिथे त्याशिवाय मुलांना गाडीतून नेता येत नाही, आणि आपल्यासारखं मांडीवर घेऊन बसणं तर नाहीच नाही. घरात दूध, केळी, डाळ-तांदूळ भरून ठेवायचं. आणि पहिला आठवडा सुट्टी घ्यायची. न्यू जर्सी आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेदहा तास मागे आहे. मुलं रात्री दोनला टक्क जागी होऊन जेवायला मागतील आणि हे काही दिवस चालेल. सकाळी उठल्या उठल्या त्यांना उन्हात न्या, दुपारची झोप दोन तासांवर जाऊ देऊ नका. रात्रीच्या जागरणाची पाळी मात्र नवऱ्याची. तुम्ही तोवर दोन रात्रींची झोप घालवून पोचलेल्या असाल.

तिकीट काढताना शेवटचं एक बघा. परतीच्या तारखेला मुलगा दोन वर्षांचा झालेला असेल तर त्याला त्या प्रवासात स्वतंत्र जागा घ्यावीच लागते. एजंट बऱ्याचदा जाता-येता दोन्हीकडे मांडीवरचंच तिकीट काढून मोकळे होतात आणि मग परतताना काउंटरवर पूर्ण भाड्याची मागणी येते. मुलाची जन्मतारीख सांगून परतीची जागा आत्ताच वेगळी नोंदवून घ्या.